वाघाचं देणं

'सफारी' हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा आला तो कापडाच्या दुकानातून. ऐंशीच्या दशकात वडिलांच्या कचेरीतले साहेब सफारी घालून येत. अर्ध्या बाह्यांचा, चार खिशांचा, विजारीच्याच कापडाचा तो सदरा दिसला की समजावं, आत नुसता माणूस नाही, हुद्दा आहे. वडिलांनीही एकदा हिय्या करून एक राखी सफारी शिवली. ती घालून ते एका लग्नाला गेले. वरपक्षाने त्यांना तहसीलदार समजून पहिल्या पंगतीला बसवलं, आणि खुलासा होईपर्यंत त्यांच्या पानात तीन जिलब्या पडून गेल्या होत्या. तेव्हापासून आपण जे नाही ते दिसण्याची सोय म्हणजे सफारी, अशी माझी समजूत झाली. पुढे कळलं की मूळ शब्द आफ्रिकेतल्या स्वाहिली भाषेतला, तिथे तो अरबीतून गेला, आणि अर्थ नुसता 'प्रवास'. म्हणजे आपली सफरच ती. आफ्रिकेत जाऊन चार खिसे लावून परत आली एवढंच.

हा शब्द दुसऱ्यांदा आमच्या घरात आला तो मेहुण्यांबरोबर. आमचे मेहुणे पुण्यात असतात आणि ते पुण्यात असतात हे आम्हाला विसरू देत नाहीत. एका नाताळात ते सहकुटुंब केनियाला गेले. मसाई मारात सफारी. लाखो विल्डबीस्ट नदी ओलांडतात तो देखावा पाहायचा, एवढी एकच इच्छा होती. पण तो लोंढा मसाई मारात असतो साधारण जुलै ते ऑक्टोबर. नाताळात तो दक्षिणेकडे, टांझानियाच्या सेरेंगेटीत उतरलेला असतो. हे मेहुण्यांना तिथे पोचल्यावर समजलं. जुलैमध्ये रत्नागिरीला हापूस खायला यावं, तसं झालं. तरी सिंह मिळाला. आम्हाला त्याचे दोनशे ऐंशी फोटो दाखवण्यात आले. सिंह एकच होता, आणि दोनशे ऐंशीही फोटोंत तो झोपलेला होता.

फोटो संपल्यावर आमच्या हिने माझ्याकडे पाहिलं आणि दोनच शब्द उच्चारले, "आपण कधी?"

लग्नाला अठरा वर्षं झाली की नवरा असल्या दोन शब्दांचं अंदाजपत्रक ताबडतोब करू शकतो. बँकेच्या नोकरीत एल.एफ.सी. नावाची एक चीज असते, म्हणजे रजेच्या प्रवासाची सवलत. तिच्यात भारत बसतो, आफ्रिका बसत नाही. नकाशावर बोट फिरवत मी ते चंद्रपूरवर टेकवलं. ताडोबा! १९५५ सालचं राष्ट्रीय उद्यान, महाराष्ट्रातलं सगळ्यात जुनं. पुढे १९८६ मध्ये शेजारी अंधारी अभयारण्य झालं आणि दोन्ही मिळून १९९५ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. सिंह नसेल, पण वाघ आहे, आणि तो झोपत असला तरी मराठी मुलखात झोपतो. हिला पटलं. गेल्या नाताळाची तारीख पाहून मी मोहर्ली फाटकाची जिप्सी नोंदवली आणि पावती छापून जेवणाच्या टेबलावर ठेवली.

इथपर्यंत सगळं सरळ होतं. गोंधळ झाला तो दुसऱ्या एका कागदामुळे. तो कागद त्याच टेबलावर, त्याच पावतीशेजारी होता.

आमची वाडी रत्नागिरीच्या कडेला आहे. नगरपालिकेचे दिवे संपतात आणि काजूची झाडं सुरू होतात, त्या जागी. गेल्या पावसाळ्यापासून वाडीत वाघरू फिरू लागलं होतं. आमच्या कोकणात बिबट्यालाही वाघच म्हणतात. पट्टेवाला असेल तर त्याला 'ढाण्या' असं खुलासेवार सांगावं लागतं. बिबट्या आम्हाला नवा नाही. जिल्ह्यात कुठे ना कुठे तो कुत्र्यामागे धावताना विहिरीत पडतो, मग खात्याची माणसं पिंजरा सोडतात, मग अख्खं गाव कठड्याभोवती जमतं. पण ते दुसऱ्याच्या विहिरीत. आमच्याकडे तो पडवीपर्यंत आला आणि मोत्याला घेऊन गेला. मोत्या आईचा कुत्रा. अकरा वर्षांचा, एका डोळ्याने अधू, आणि भुंकण्याच्या बाबतीत माझ्यासारखा, म्हणजे घरातल्यांवरच भुंकणारा. सकाळी पडवीत त्याचा पट्टा तेवढा मिळाला.

वाडीची सभा भरली. अर्ज करायचं ठरलं. वाडीत बी.कॉम. झालेला आणि अक्षर बरं असलेला इसम मीच. त्यामुळे 'विषय : बिबट्याचा तातडीने बंदोबस्त करणेबाबत' या मथळ्याखाली मी दीड पान अर्ज खरडला. सदर प्राणी, सदर परिसर, सदर भीतीचे वातावरण. शेवटी 'सदर प्राण्यास पकडून दूरवर नेऊन सोडण्यात यावे ही विनंती'. खाली सदतीस सह्या आणि दोन अंगठे.

आईने चष्मा लावून दोन्ही कागद वाचले. ती सगळे कागद वाचते. औषधाच्या बाटलीवरचासुद्धा.

"काय रे," ती म्हणाली, "हा अर्ज वाघाला इथनं न्या म्हणून, आणि ही पावती वाघ बघायला जायची?"

"अगं, तो वाघ वेगळा. तो ढाण्या."

"म्हणजे मोठा चालतो, धाकटा नको?"

"तसं नाही. तो त्याच्या जागेवर आहे."

"आणि हा कुणाच्या जागेवर आहे?"

मी म्हटलं, "आई, मोत्या तुझा होता. तूच असं बोलतेस?"

"कुत्रा माझा गेला," आई म्हणाली, "पण अर्ज तू लिहिलास. मी नाही सांगितला."

बँकेत असं होतं कधीकधी. दिवसअखेर दोन्ही बाजूंच्या बेरजा करतो आणि त्या जुळत नाहीत. फरक लहान असतो, पण तो सापडल्याशिवाय घरी जाता येत नाही. मी अर्ज खात्यात देऊन आलो, पावती पाकिटात घातली, आणि तो फरक बरोबर घेऊनच प्रवासाला निघालो.

रत्नागिरीहून ताडोबाला जायचं म्हणजे अख्खा महाराष्ट्र आडवा कापायचा. एस.टी.ने आंबा घाट चढून कोल्हापूर, तिथून महाराष्ट्र एक्स्प्रेस, वर्ध्याला उतरून चंद्रपूर. या गाडीचं नाव अगदी योग्य आहे. ती महाराष्ट्राइतकीच लांब आहे आणि महाराष्ट्रासारखीच सगळीकडे थांबते. आंबा घाटात मला एक गंमत आठवली. २०२५ च्या नोव्हेंबरात ताडोबातली एक वाघीण पकडून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात, चांदोलीला आणून सोडली होती. हा प्रकल्प २०१० चा. कोयना आणि चांदोली मिळून झालेला. त्याची एक कड आमच्या रत्नागिरी जिल्ह्यालाही लागते. म्हणजे आम्ही तिला बघायला तिच्या माहेरी निघालो होतो, आणि ती महिन्याभरापूर्वी आमच्याच उशाशी राहायला आली होती. हिला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग इथेच उतरू या का?" पण एल.एफ.सी.च्या फॉर्मवर चंद्रपूर लिहिलेलं होतं. सरकारी असो वा बँकेचा, फॉर्मवर जे लिहिलं ते पाहावंच लागतं.

पहाटे मोहर्लीच्या फाटकावर जिप्स्यांची रांग लागली होती. थंडी अशी की कोकणातल्या माणसाला आपल्याला कान आहेत हे प्रथमच कळावं. प्रत्येक गाडीत सहा प्रवासी, एक चालक, एक गाइड. आमच्या मागच्या गाडीत एका गृहस्थांकडे दुर्बिणीसारखा लांबलचक कॅमेरा होता. तो ते तान्ह्या बाळासारखा मांडीवर घेऊन बसले होते, आणि खड्डा आला की बायकोऐवजी त्याला धरत होते. फाटक उघडलं. साग, बांबू, धुकं, चितळांचे कळप, एक नीलगाय, झाडावर वानरं. कुणी ढुंकून पाहिलं नाही. समोरून दुसरी गाडी आली की दोन्ही चालक थांबत आणि एकच प्रश्न विचारत, "झालं का?" पंढरपुरात दर्शनबारीतून बाहेर पडणाऱ्याला विचारतात तसाच. फरक इतकाच की तिथे विठोबा जागेवरून हलत नाही.

गाइड जवळच्याच गावातला, विशी-बाविशीचा तरुण होता. त्याने ताडोबा नावाची गोष्ट सांगितली. तारू नावाचा एक गावप्रमुख होता. तळ्याकाठी त्याची वाघाशी झुंज झाली आणि त्यात तो मारला गेला. लोकांनी त्याला देव मानलं. तळ्याकाठी मोठ्या झाडाखाली त्याचं ठाणं आहे आणि पौषात आदिवासी त्याच्या दर्शनाला येतात, अशी जुनी परंपरा आहे. मी हिशेब केला. आम्ही गेलो तेव्हा पौषच चालू होता. मला ही गोष्ट मोठी चमत्कारिक वाटली. आपल्याकडे मारणाऱ्याचे पुतळे होतात. इथे वाघाने मारलेला माणूस देव झाला, त्याचंच नाव जंगलाला मिळालं, आणि वाघावर कुणी अर्ज केला नाही. तसं आमच्या कोकणातही वाघजाईची देवळं गावोगाव आहेत. वाघबारशीला गुराखी पोरं वाघ होऊन नाचत. पण वाघजाईला नारळ देऊन झाल्यावर आम्ही घरी येऊन अर्जाला सह्या करतो, ही आमची प्रगती.

साडेआठच्या सुमाराला चितळ ओरडलं. गाइड म्हणाला, "कॉल आहे." आणि पुढच्या दोन मिनिटांत कुठून कुठून अकरा गाड्या जमल्या. नाताळच्या सुट्टीत आमच्या बँकेचं ए.टी.एम. चालू आहे अशी बातमी फुटावी तसं. बांबूतून वाघ आला. नर होता. रस्ता ओलांडण्यापूर्वी त्याने आमच्याकडे पाहिलं. मी त्या नजरेचं वर्णन करू शकतो, कारण ती माझ्या चांगली ओळखीची आहे. वीस वर्षं मी खिडकीपलीकडच्या रांगेकडे त्याच नजरेनं पाहत आलो आहे. रांग आहे हे दिसतं, पण तिचा आपल्याशी काही संबंध आहे असं वाटत नाही. चाळीसेक सेकंद, आणि तो सागात शिरला. हिच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असावं. थंडीमुळे म्हणून मी ते पुसून टाकलं.

खोटं कशाला बोलू? तो देखणा होता. इतका की क्षणभर मी कारकून आहे हे मी विसरलो.

पण गाड्या निघाल्या नाहीत. तो जिथे शिरला त्याच्या पलीकडच्या वाटेवर जाऊन उभं राहावं अशी मागणी मागच्या कॅमेरावाल्यांनी केली. "पैसे भरलेत आम्ही!" आमच्या गाइडने मान हलवली. २०२४ च्या ३१ डिसेंबरला जवळच्याच उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिचे पाच बछडे पर्यटकांच्या गाड्यांच्या मध्ये अडकले होते. दोन्ही बाजूंनी गाड्या, मध्ये ती. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली, चालक आणि गाइडांवर कारवाई झाली. पण गाड्यांत बसलेले लोक कोण होते? माझ्यासारखेच. नाताळची रजा, पोरांना वाघ दाखवायचा, आणि वर्षाचा शेवटचा दिवस साजरा करायचा. त्यांतल्या कुणालाही वाघिणीचं वाईट करायचं नव्हतं. त्यांना फक्त बघायचं होतं.

बघण्याने कुणाचं काय जातं, असं आपण समजून चालतो. खाल्लं तर संपतं, घेतलं तर कमी होतं, बघितलं तर सगळं तसंच राहतं. मीही तसाच समजत होतो, चंद्रपूरला मुक्काम करीपर्यंत.

चंद्रपूरला आमच्या रत्नागिरी शाखेतून बढतीवर गेलेला एक मित्र आहे. त्याच्याकडे रात्री जेवायला गेलो. मी वाघाचं वर्णन चाळीस सेकंदांऐवजी चाळीस मिनिटं केलं. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आमच्या शाखेत वाघाच्या ठेवी येतात."

मला वाटलं विनोद आहे. विनोद नव्हता. वन्य प्राण्याच्या हल्ल्यात माणूस गेला तर आपलं सरकार वारसांना २५ लाख रुपये देतं. त्यातले काही हातात, आणि उरलेले वारसांच्या नावे मुदत ठेवीत. मित्र म्हणाला, "मी बदलून आलो त्याच महिन्यात एक बाई आल्या. रक्कम मोठी. आपल्याला सवय असते, मी विचारलं, 'जमीन विकली का?' त्या म्हणाल्या, 'मालक गेले, सायेब. वाघानं.' मी फॉर्म भरून दिला. मुदत किती, व्याज दरमहा की तिमाही, वारस कोण, सगळं विचारलं. विचारावंच लागतं. वारसाच्या रकान्यात त्यांनी मुलाचं नाव सांगितलं. मुलगा मागे बाकावर बसून बँकेच्या पेनाची साखळी ओढत होता."

मग त्याने मला एक वेळापत्रक सांगितलं. सफारीच्या पत्रकात ते नसतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुलं वेचायला लोक पहाटे जंगलात जातात. फुलं जमिनीवर पडलेली असतात, वेचायला वाकावं लागतं. मे महिन्यात तेंदूची पानं. पुन्हा वाकून. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही, जनावर वाटतो. २०२५ च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. त्या वाघ बघायला गेल्या नव्हत्या. त्यांनी जिप्सी नोंदवली नव्हती. आम्ही जो वाघ पैसे मोजून उंचावर बसून पाहतो, तोच त्या फुकट आणि वाकून पाहतात.

त्या रात्री मला झोप लागली नाही. एक तर पाहुण्यांच्या गादीत मला कधीच झोप लागत नाही, आणि दुसरं म्हणजे आईने दाखवलेला तो फरक आता वाढला होता. १४९४ मध्ये लुका पाचोली नावाच्या इटालियन साधूने जमाखर्चाची दुहेरी नोंद पुस्तकात छापली. आम्हा वाणिज्य शाखावाल्यांचा तो आद्य शंकराचार्य. साधूला हिशेबाची काय गरज, असं कॉलेजात वाटायचं. आता वाटतं, त्यालाच जास्त. कारण त्या पद्धतीचा मथितार्थ असा की कुठलीही रक्कम आकाशातून पडत नाही. एका खात्यात जमा झाली तर दुसऱ्या कुठल्या तरी खात्यात नावे पडलीच पाहिजे. मग माझ्या खात्यात चाळीस सेकंदांचा तो अवर्णनीय आनंद जमा झाला, तो नावे कुणाच्या पडला? जिप्सीचं भाडं मी भरलं, फाटकाची फी भरली, हे खरं. पण ती गाडीची आणि फाटकाची किंमत झाली. वाघाची किंमत मी भरली नव्हती. ती त्या बाकावर बसलेल्या मुलाने भरली होती.

आता यावर कुणी म्हणेल, तुम्ही गेला नसता तर काय ती माणसं वाचली असती? उलट पर्यटकांमुळे तिथल्या पोरांना रोजगार मिळतो. हे मीही स्वतःला म्हणून पाहिलं. दुसऱ्या दिवशी गाइडलाही विचारलं. तुमच्या गावाला वाघ नको असं कधी वाटत नाही का? त्याचा सख्खा काका वाघाने मारला होता. तो जरा थांबून म्हणाला, "सायेब, वाघ आमाले खातेबी अन् पोसतेबी. तो नसता तं मी पुण्याले वॉचमन असतो." मग थोड्या वेळाने, "पन काकू अजून जंगलाकडं तोंड करून बसत नाही."

एवढ्या दोन वाक्यांत त्याने जमा आणि खर्च दोन्ही बाजू मांडल्या आणि बाकी काढली नाही. मला कुठल्याही पुस्तकाने याहून प्रामाणिक ताळेबंद दाखवला नव्हता. २०१८ च्या गणनेत महाराष्ट्रात ३१२ वाघ होते, २०२२ च्या गणनेत ४४४ झाले. वर्तमानपत्रात तो आकडा वाचून मी चहा पिता पिता 'वा!' म्हटलं होतं. त्या 'वा!'ची किंमतही याच पोराच्या काकूने भरली होती, हे मला चहाबरोबर कुणी सांगितलं नव्हतं.

तेव्हा वाघ बघायला जाऊ नये, असं मी म्हणत नाही. मी पुन्हा जाईन. हिने तर पुढच्या वर्षीच्या तारखासुद्धा काढल्या आहेत. पण बघणाऱ्यावर काही देणं चढतं, एवढं मला कळलं. आणि ते देणं चंद्रपूरला जाऊन फेडता येत नाही. तिथल्या बायकांच्या बदली मी मोहफुलं वेचायला जाऊ शकत नाही. माझ्या कमरेची स्थिती बघता वाघाने मला पाहूनही न पाहिल्यासारखं केलं असतं. ते देणं फेडायची शाखा एकच, आपली स्वतःची. म्हणजे माझ्या बाबतीत, काजूच्या झाडांपाशी.

परत आलो तो वाडीत खात्याचे एक कर्मचारी आले होते. अर्जाची चौकशी. मध्यमवयीन, सौम्य, हातात वही. ते म्हणाले, "पिंजरा लावू. पण एक नेला तर दुसरा येतो. जागा रिकामी राहत नाही." आणि त्यांनी जुन्नरची हकीगत सांगितली. या शतकाच्या सुरुवातीला जुन्नर भागात उसातले बिबटे धरून दूरच्या जंगलात नेऊन सोडले. जिथे सोडले तिथे माणसांवरचे हल्ले कमी व्हायच्या ऐवजी वाढले. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा यावरचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला आहे. अनोळखी मुलखात सोडलेला प्राणी बिथरतो, घराकडे निघतो, वाटेत माणसं भेटतात.

हे खरं तर रत्नागिरीकरांना कुणी सांगायची गरज नव्हती. राजाला धरून दूरवर नेऊन सोडण्याचा प्रयोग आमच्या गावावर झालेला आहे. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये मंडालेहून उचललं आणि १८८६ मध्ये रत्नागिरीत आणून सोडलं. पुढे राजवाडाही बांधून दिला, तो १९१० मध्ये पुरा झाला. राजा तीस वर्षं इथे राहिला आणि १९१६ च्या डिसेंबरात इथेच गेला. त्याने कुणाला खाल्लं नाही, ही त्याची सज्जनता. पण 'पकडून दूरवर नेऊन सोडणे' म्हणजे प्रश्न सुटला असं ज्याला वाटतं, त्याने संध्याकाळी थिबा पॅलेसच्या आवारात एकदा नुसतं उभं राहून यावं.

मी सभेत उठून म्हटलं, "अर्ज मागे घेऊ या."

सभेत जे झालं ते सांगण्यात अर्थ नाही. फक्त शेजारच्या काकांचं एक वाक्य सांगतो, कारण ते खरं होतं. ते म्हणाले, "तू वाघ बघून आलायस, तुला पान्हा फुटलाय. तुझा वाघ ताडोबात. माझी नात इथे. संध्याकाळी शिकवणीहून अंधारातनं येते. तिचं काय?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मोत्याच्या बाबतीत उदार होणं सोपं होतं, आणि तेसुद्धा मी नाही, आईच झाली होती. काकांची नात म्हणजे काही खात्यातली नोंद नाही. मला चंद्रपूरच्या बाकावरचा तो मुलगा आठवला. वाघ हवा, पण किंमत दुसऱ्याच्या पोराने द्यावी, हे तिथे चूक असेल तर इथे बरोबर कसं होईल?

शेवटी अर्ज मागे घेतला नाही. तो नव्याने लिहिला. विषय बदलला. रस्त्यावर चार दिवे हवेत. कोंबड्यांची घाण टाकतात तो ढीग उचलावा, कारण घाणीला कुत्रे येतात आणि कुत्र्यांमागे तो. शिकवणीच्या वाटेवरचं रान तोडावं. माणसावर हल्ला झाला तर मात्र तातडीने पिंजरा. कुत्रे रात्री घरात. हे शेवटचं आईने सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी तिने कुठून तरी एक पिल्लू आणलं. त्याचंही नाव मोत्या. ते रात्री माझ्या पलंगाखाली झोपतं आणि पहाटे चारला माझ्यावर भुंकतं. परंपरा टिकून आहे.

आणि एक बाब अर्जात नाही. संध्याकाळी सात वाजता शिकवणी सुटते. काकांची नात आणि आणखी पाच पोरं, यांना अंधाराच्या टप्प्यातून मी बॅटरी आणि काठी घेऊन वाडीत आणतो. पूर्वी त्या वेळेला मी पत्ते खेळायचो. अकरा मिनिटांचा रस्ता आहे. ज्यांची शेतं जंगलाला लागून आहेत ते रोज जे भरतात, त्यापुढे ही अकरा मिनिटं म्हणजे व्याजसुद्धा नव्हे. पण ठेव लहान असली तरी आम्ही ती परत करत नाही, असं मी वीस वर्षं ग्राहकांना सांगत आलो आहे.

परवा वाटेत काकांच्या नातीने विचारलं, "काका, वाघ दिसला का हो?"

"हो तर! ताडोबाला. एवढा मोठा!"

"तिथला नाही हो. इथला."

"नाही," मी म्हटलं. "पण त्याने आपल्याला पाहिलं असेल."

सहाही पोरं चटकन माझ्याजवळ सरकली. एकाने माझा सदरा धरला. खात्याच्या माणसाने सांगितलं होतं की अंधारात मोठ्याने बोलत चालावं, म्हणजे तो आपणहून बाजूला होतो. आता सहा पोरांशी अकरा मिनिटं मोठ्याने काय बोलणार? मी पाढे सुरू केले. दोनापासून निघालो. वाडीचा पहिला दिवा दिसेपर्यंत आम्ही एकोणतीसाला पोचलो आणि एकोणतीस सत्ते या ठिकाणी मी, वीस वर्षांचा बँकेतला कारकून, अडखळलो. पोरं खिदळली. काजूच्या झाडांत कुठेतरी पाचोळा वाजला, किंवा वाजला नसेल.

बिबट्याला आमच्या वाडीत राहायचं असेल तर रोज संध्याकाळी त्याला हा पाढा ऐकावा लागणार. मला वाटतं, थोडं त्यानेही सोसावं.